मांडवातला करंट दैवाने येत नाही



कापूस विकून झाला, ज्वारी खळ्यातून घरात आली, की आपल्या भागात मांडव पडू लागतात. लग्नाचा मांडव, सप्ताहाचा मांडव, यात्रेतला मांडव, आणि आपल्या जिल्हा मेळाव्याचाही मांडव. याच मांडवांत करंट लागून माणसे मरतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्या चार ओळींत एक शब्द हमखास असतो: 'दुर्दैवी'.

माझे भांडण या शब्दाशी आहे. दुष्काळ पडला तर दैव, भाव पडला तर दैव, मांडवात पोर चिकटले तरी दैव! भाव दैवाने पडत नाही, कोणीतरी पाडतो, हे आपण हिशेब मांडून शिकलो. मांडवातल्या करंटचाही असाच हिशेब आहे. तो एकदा मांडला की दैवाच्या खात्यावर टाकायला काही उरत नाही. सगळी उधारी माणसांच्या नावावर निघते. काही वीज कंपनीच्या, काही बिछायत केंद्रवाल्याच्या, आणि बरीचशी आपल्या स्वतःच्या.

दोन घटना, दोन वेगळी कारणे

२३ जून २०१९. राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातले जसोल गाव. रामकथा चालू होती. वादळ आले, पाऊस आला, लोखंडी सांगाड्याचा मंडप कोसळला आणि त्यात वीज उतरली. १४ माणसे गेली.

२७ एप्रिल २०२२. तामिळनाडूतल्या तंजावरजवळचे कळिमेडू गाव. रात्री देवाच्या रथाची मिरवणूक निघाली होती. रथ वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारेला लागला. ११ माणसे गेली.

दोन्हीकडे देवाचेच काम चालू होते. तेव्हा 'देवाच्या कार्यात काही होत नाही' हे म्हणणे आता सोडून द्यावे. पण दोन्ही घटनांतला फरक नीट लक्षात घ्या. पहिल्यात मांडवातलीच वायर मांडवाच्या लोखंडाला लागली की काय होते ते दिसते. दुसऱ्यात लोखंड किंवा लाकूडकाम वरच्या मोठ्या लाईनपर्यंत पोहोचले की काय होते ते दिसते. पहिल्याला अर्थिंग आणि कटआऊट हा उपाय आहे. दुसऱ्याला अंतर सोडून दुसरा उपायच नाही. दोन्हींची गल्लत केली तर एकही मरण टळणार नाही.

मांडव बदलला, वायरिंग तेच राहिले

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी मांडव बांबूचा होता. बल्ल्या रोवायच्या, वर आडवे बांबू, त्यावर डहाळ्या. उजेडाला गॅसबत्ती. सुक्या बांबूतून करंट सहजासहजी जात नाही. पुढे त्याच बांबूवर बल्बची माळ आली. वायर कुठे सोललेली असली तर ज्याचा हात तिथेच लागेल त्याला झटका बसे. बाकी मांडव शांत.

आज मांडव लोखंडी पाईपचा आहे. खांब लोखंडी, कैची लोखंडी, स्टेजचा सांगाडा लोखंडी, कमान लोखंडी, वरचा पत्रा लोखंडी. शंभर फूट लांबीच्या मांडवात एका कोपऱ्यात एका फोकसची वायर घासून पाईपला लागली, तर दुसऱ्या कोपऱ्यात पंगतीत बसलेल्या म्हातारीने ज्या खांबाला पाठ टेकली आहे त्या खांबात करंट येऊ शकतो. सगळा मांडवच एक वायर झाला. आणि वायरमन मात्र अजून बांबूच्या मांडवात असल्यासारखा काम करतो. दोन तारी पिळल्या, वर टेप गुंडाळला, पाईपला बांधणीच्या तारेने आवळले, झाले काम!

हिशेब मांडू

घरातली लाईन २३० व्होल्टची. ओल्या पायांच्या माणसाच्या अंगाचा अडथळा, म्हणजे रोध, साधारण १००० ओहम धरा. २३० ला १००० ने भागा. अंगातून ०.२३ अँपिअर करंट जातो. ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर, काही क्षण अंगातून जात राहिला तरी माणसाचा जीव धोक्यात येतो. इथे त्याच्या सातपट जातो.

आता फ्यूज बघा. मांडवाच्या बोर्डावर १६ अँपिअरचा फ्यूज आहे. माणूस चिकटला आहे, त्याच्या अंगातून पाव अँपिअरही जात नाही. फ्यूज कशाला उडेल? त्याच्या लेखी एक लहानसा बल्ब जास्त लागला आहे, एवढेच. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. माणूस जळू नये म्हणून नसतो. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराला पाढ्यासारखी पाठ असली पाहिजे. आणि आपल्याकडे तर कितीतरी ठिकाणी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार आवळलेली असते. ती उडायची वाट बघणे म्हणजे एरंडाला आंबे लागायची वाट बघणे.

नेहमीची उत्तरे आणि त्यांची तपासणी

हा विषय काढला की चार-पाच ठरलेली उत्तरे मिळतात. एकेक तपासू.

*'सळई ठोकली आहे की!'* कितीदा तर ही सळई हातभर असते आणि वैशाखातल्या भेगाळलेल्या जमिनीत किंवा मुरमात ठोकलेली असते. अशा कोरड्या जमिनीत तिचा रोध १०० ओहम सहज भरतो, कधी त्याहून पुष्कळ जास्त. २३० ला १०० ने भागा. सव्वादोन अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा फ्यूज जागचा हलणार नाही. मांडवात जवळजवळ पूर्ण दाब तसाच उभा राहील, रात्रभर. म्हणजे सळई आहे, सळईवर विश्वासही आहे, आणि मांडव जिवंतच आहे. नुसती सळई हे अर्थिंगचे सोंग आहे.

*'मांडव न्यूट्रलला बांधला आहे. न्यूट्रल म्हणजेच अर्थ.'* हे उत्तर सगळ्यांत घातक. डीपीवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे खरे. पण डीपीपासून मांडवापर्यंतच्या तारेत कुठेतरी न्यूट्रल तुटला, निसटला किंवा जोड सुटला, तर काय होईल? बल्बांतून, पंख्यांतून येणारा करंट परत जायला वाट शोधतो आणि न्यूट्रलला बांधलेल्या सगळ्या लोखंडात येऊन उभा राहतो. एकही वायर सोललेली नसताना मांडव जिवंत होतो. खेड्यातल्या लाईनीचा न्यूट्रल किती भरवशाचा असतो, ते ज्याच्या घरचे बल्ब कधी मंद तर कधी भडक होऊन उडाले त्याला विचारा.

*'एक फेज घेतला आणि दुसरे टोक जमिनीत सोडले, काम भागते.'* बल्ब लागतो, हे खरे. पण मग ती जमिनीतली सळई अर्थिंग राहत नाही, ती वाहती तार होते. तिच्याभोवतीची ओली जमीनसुद्धा झटका देते. आधी जनावर मरते, कारण त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात आणि दोन पायांमधल्या दाबाचा फरक त्याला जास्त बसतो. बैल अंग झटकून उडाला तर त्याला बाहेरची बाधा नाही, तुमची सळई बाधली आहे.

*'इतकी वर्षे मांडव टाकतो, आजवर काही झाले नाही.'* झाले नाही, कारण जमीन कोरडी होती, पायात चप्पल होती, खाली सतरंजी होती. करंट मांडवात होताच, त्याला माणसातून जमिनीत जायला वाट नव्हती. मग चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस येतो. सतरंजी भिजते, पाय भिजतात, जोड भिजतात, आणि लोक पावसापासून वाचायला धावत त्याच खांबांना धरून उभे राहतात. मांडव तोच, वायर तीच, वायरमन तोच. एका सरीने हिशेब बदलतो. 'आजवर काही झाले नाही' हा पुरावा नाही, ती फक्त कोरड्या जमिनीची मेहेरबानी आहे.

*'ते कटआऊट लावले तर सारखे पडते.'* पडते, म्हणजे ते आपले काम करते. कुठेतरी करंट गळतो आहे, हे ते ओरडून सांगते. त्यावर आपला वायरमन काय करतो? गळती शोधायची सोडून कटआऊटलाच वळसा घालून सरळ तार जोडतो. राखणदार कुत्रे भुंकते म्हणून त्याला मारून टाकायचे आणि चोराला दार उघडून द्यायचे, असली ही तऱ्हा!

*'खर्च परवडत नाही.'* कोरडवाहू शेतकऱ्याने खर्चाचे नाव काढले की मी गप्प बसतो. पण इथे नाही. हे कटआऊट आणि त्याच्या जोडीचे सगळे सामान मिळून डीजेवाल्याला जे देतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय ते एका लग्नात संपत नाही, वर्षानुवर्षे चालते.

मग खरे काम कोणते?

तीन गोष्टी एकत्र लागतात. एक सुटली तर बाकीच्या दोन लंगड्या.

पहिली, आरसीसीबी. हेच वर सांगितलेले कटआऊट. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत मोजते. मधे ३० मिलिअँपिअर इतकी गळती झाली की सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडते. घेताना त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले आहे ना ते बघा. १०० किंवा ३०० चे आगीसाठी असते, माणसासाठी नाही. साधी एमसीबी वेगळी, आरसीसीबी वेगळे. आरसीसीबीवर तपासणीचे एक बटण असते. एमसीबीवर ते नसते.

दुसरी, सळई. आता तिचा उपयोग होतो. समजा कोरड्या मुरमात तिचा रोध ५०० ओहम भरला. फ्यूजच्या हिशेबाने ती कुचकामी. पण आरसीसीबी ०.०३ अँपिअरवरच तोडते. ५०० गुणिले ०.०३ म्हणजे १५ व्होल्ट. मांडवातला दाब १५ व्होल्टच्या वर टिकूच शकत नाही. हाच तो हिशेब! कोरडवाहू जमिनीत सळई एकटी हरते, आरसीसीबीच्या सोबत ती जिंकते. तरीही सळई हातभर नको, ओल लागेपर्यंत, जमले तर पुरुषभर खोल हवी. आणि तिच्या बुडाशी पाणी ओतलेले हवे.

तिसरी, सगळ्या लोखंडाची एकमेकांशी जोडणी. मांडवाचे पाईप, स्टेजचा सांगाडा, कमान, पत्रा, जनरेटरचे अंग, सगळे ८ नंबरच्या जीआय तारेने बोल्ट आवळून एक करायचे आणि तीच तार सळईला न्यायची. पाईपवरचा रंग खरवडून जोड द्यायचा. रंगावरून आवळलेला क्लॅम्प दिसायला जोड, आतून तुटलेला. हे कशासाठी? स्टेजच्या लोखंडावर उभा राहून माईक हातात धरणारा पुढारी किंवा कीर्तनकार एकाच वेळी दोन धातूंना लागलेला असतो. माईक ॲम्प्लिफायरला जोडलेला, ॲम्प्लिफायर भलत्याच लाईनीवर, स्टेज भलतीकडे. दोन्हींच्या दाबात फरक असला की तो फरक बोलणाऱ्याच्या अंगातून मिटतो. सगळे लोखंड एक केले की फरकच राहत नाही.

जनरेटर असेल तर एक जादा काळजी. त्याचा न्यूट्रल त्याच्याच सांगाड्याशी आणि सळईशी एका ठिकाणी जोडलेला नसेल, तर आरसीसीबीला गळती कळणारच नाही. हे काम आणि वरचे सगळेच काम परवाना असलेल्या वायरमननेच करावे. भाच्याला 'थोडेफार येते' म्हणून त्याच्या हाती देऊ नये.

मोठ्या लाईनीपुढे शहाणपण नको

११ हजार व्होल्टच्या तारेपुढे वरच्या तिन्ही गोष्टी काही कामाच्या नाहीत. नियमाप्रमाणे ती तार इमारतीच्या माथ्यापासून उभे ३.७ मीटर आणि बाजूने १.२ मीटर तरी दूर हवी. पण हे अंतर उभ्या बांधकामाचे. मांडव उभारताना पोरे वीस फुटी पाईप डोक्यावर आडवा-उभा फिरवतात, त्याचा हिशेब या आकड्यात नाही. म्हणून आपला नियम साधा: लाईनीखाली मांडव नाही, आणि सर्वांत लांब पाईपच्या दीडपट अंतराच्या आत मांडव नाही. वावरात जागेची कमतरता नाही. झेंड्याची काठी, कमान, रथ, ट्रॉलीवरचे डीजेचे खोके, सगळ्यांना हाच नियम.

दोषी कोण?

आता वीज कंपनीकडे वळू. सन २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाले. नाव बदलले, गावातली डीपी तीच. उघडी पेटी, दार नाही, किटकॅटच्या जागी तारेचे वेटोळे. आम्ही मांडवात कितीही चांगले आरसीसीबी बसवले तरी डीपीचा न्यूट्रल जमिनीला नीट जोडलेला आहे हे धरूनच ते काम करते. ते अर्थिंग तुमचे आहे, आमचे नाही. आमच्या आकड्याकडे बोट दाखवून तुमची उघडी पेटी झाकली जात नाही. मध्यप्रदेश वीज मंडळाच्या एका खटल्यात, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरचा माणूस गेला तेव्हा, मंडळाने हेच सांगितले होते की दुसऱ्याच कोणीतरी वीज चोरायला तार ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते ऐकले नाही. धोक्याची वस्तू तुम्ही वाहून नेता, तिच्यापासून वाटसरूला झालेल्या इजेची भरपाई तुम्हीच द्यायची, असा निकाल दिला.

कायदाही कागदावर आहे. वीज कायदा, २००३, कलम ५४. जिथे शंभर किंवा अधिक माणसे जमण्याचा संभव असतो तिथे २५० वॉट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरायची तर विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्ताला सात दिवस आधी लेखी कळवायचे. चार फोकस लावले की २५० वॉट होतात, आणि शंभर माणसे तर नुसती वऱ्हाडातच असतात. तरी खेड्यातला कोणता नवरदेवाचा बाप जिल्ह्याच्या गावी जाऊन ही नोटीस देईल? आणि दिली तर तपासायला कोण येईल? जो कायदा शेतकऱ्याच्या पायाला परवडत नाही, तो मेल्यानंतर फक्त पंचनाम्यात कलम लिहायला उरतो.

पण आता आपल्या पदरातले झाकू नका. तात्पुरती जोडणी मागायला हेलपाटे पडतात, अनामत भरावी लागते, म्हणून आपण आकडा टाकतो. वर काहीजण त्याला आंदोलनाचे नाव देतात. आकडा म्हणजे आंदोलन नव्हे! 'बिल भरणार नाही' असे भर मेळाव्यात छाती काढून सांगणे ही लढाई असते. रात्री गुपचूप तारेवर आकडा टाकायचा आणि त्याच्या खाली आपलीच लेकरे जेवायला बसवायची, ही लढाई नाही. आकड्याला बटण नसते. खाली माणूस चिकटला तर वर काठी घेऊन कोण चढणार? आणि वरचा निकाल रस्त्याने जाणाऱ्या निर्दोष माणसाचा होता. स्वतः आकडा टाकणाऱ्याने त्याची ढाल पुढे करू नये.

आणखी एक. कोणी चिकटला तर त्याला हाताने ओढू नका. आधी लाईन तोडा. तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. करंट 'उतरावा' म्हणून काही ठिकाणी माणसाला मातीत नाहीतर शेणात पुरतात. अंगात करंट साठून राहत नाही. पुरण्यात जातात ती जीव वाचवायची मिनिटे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबा, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दवाखान्याची गाडी येईपर्यंत.

ठराव

प्रत्येक तालुका बैठकीत पुढचे ठराव मांडावेत:

१. प्रत्येक गावाने वर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीतून एक 'गावाची पेटी' करावी. तिच्यात आरसीसीबी, एमसीबी, तीन पिनांची सॉकेट, जीआय तार आणि सळई असावी. उजेड, स्वयंपाकाची जागा आणि स्पीकर यांना वेगवेगळे आरसीसीबी द्यावे, म्हणजे एक पडले तरी सगळा अंधार होणार नाही. ज्याच्या घरी मांडव, त्याच्या घरी पेटी.

२. बिछायत केंद्रवाल्याशी ठरवताना गाद्या-खुर्च्यांच्या आधी अर्थिंगची बोली व्हावी. सोललेली वायर आणि दोन तारींची वायर परत पाठवावी. वायर पाईपला बांधणीच्या तारेने आवळू देऊ नये, आणि जोड जमिनीवर ठेवू देऊ नये.

३. महावितरणने मांडवासाठी तात्पुरती जोडणी तालुक्याच्या ठिकाणी, हेलपाट्याविना द्यावी. कलम ५४ ची नोटीसही तिथेच घ्यावी आणि पोच द्यावी.

४. गावातल्या प्रत्येक डीपीचे अर्थिंग पावसाळ्याआधी तपासून त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

५. आपला कोणताही मेळावा आरसीसीबीचे बटण सर्वांसमोर दाबून, लाईन तुटते हे दाखवूनच सुरू व्हावा. बटणाने लाईन तुटली नाही, तर भाषणे मांडवाबाहेर, झाडाखाली होतील.

पाचवा ठराव सगळ्यांत आधी अमलात आणा, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जे स्वतःच्या मांडवात करणार नाही ते दुसऱ्याला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. आणि लग्नाचे म्हणाल तर ज्या मांडवाला अर्थिंग नाही, त्या मांडवात अक्षता टाकायला जाऊ नका. सोयरा रुसला तर रुसू द्या. रुसलेला सोयरा पुढच्या वर्षी समजूत काढता येईल इतका तरी जिवंत असेल.